पाटलाचा हाळ्या

आमच्या आनंदाला जल्मात एकच काम नीट आलं, ते म्हंजे ओरडणं. आता ओरडायला काय अक्कल लागती? गाढव बी ओरडतंय. पर गाढव ओरडतं ते निदान सोताच्या पोटासाठी. ह्यो बाबा ओरडायचा पाटलासाठी. खायला काळ आन् भुईला भार, असला नवरा माझ्या पदरात पडला. तोंडावर मी त्याला आवो-जावो करायची, रीत हाय म्हणून. माघारी मात्र कंदी केलं न्हाई, आन् आज बी करायची न्हाई.

आधी खेळ सांगते, न्हाईतर तुमाला काय बी कळायचं न्हाई. आमचं गाव पौडाच्या अलीकडं, मुळेच्या काठाला. गावात दोन आळ्या, वरली आन् खालली. धुळवडीच्या दिशी दुपारी, भात निघून मोकळ्या पडलेल्या खाचरात वीरांचा खेळ व्हायचा. दोन्ही आळ्यांचा एकेक वीर. डोक्याला मुंडासं, कपाळाला मळवट, हातात बांबूची तलवार. तलवारीच्या टोकाला चिंध्या बांधायच्या, त्या होळीच्या राखंत घोळायच्या. समोरच्याच्या छातीवर राखंचा ठप्पा उठिवला की जिंकला. जिंकंल त्या आळीच्या वीराघरी देवळातली लोखंडी तलवार वरीसभर राहायची. तलवार कसली, गंजकं पातं. कांदा बी चिरायचा न्हाई तिनं. पर त्या गंजक्या पात्यापायी मिशा पिकलेली माणसं वरीसभर एकमेकांच्या बांधाला पाय लावत न्हवती.

वीराच्या मागं त्याची माणसं. ढालकरी ढाल घिऊन वार झेलणार. भगत कपाळाला अंगारा लावणार. अंगारा लागला की वीराला दम खायची सवड. आन् तिसरा हाळ्या. ह्याच्या हातात काय? काय न्हाई. ढाल न्हाई, अंगारा न्हाई, मार खायचा न्हाई, द्यायचा न्हाई. बांधावर हुबं ऱ्हाऊन वीराच्या नावानं हाळी द्यायची. "भले रं वाघा! चढ रं चढ! फाड त्याला!" तुमाला वाटंल, कौतुकापुरता आसंल. न्हाई. खेळाचा नेमच तसा. हाळी चालू हाय तवर वीर पायावर. हाळी तुटली की वीरानं असंल तितं खाली बसायचं, म्हंजे हरला. गडी कितीबी दांडगा आसूंद्या, त्याचं बळ त्या बांधावरच्या घशात.

आजून दोन नेम सांगते. हाळ्या ज्याचं नाव घेईल त्यो वीर. वीराच्या घरचे समदे बाप्ये मुंडाशी बांधून वळीनं बसायचे. एक दमला की हाळ्यानं दुसऱ्याचं नाव घ्यायचं, मंग पयल्यानं तलवार सोडायची आन् दुसऱ्यानं उठायचं. पर एका खेळात नाव एकदाच फिरायचं. आन् वीरानं हाळ्याला गप म्हणायचं न्हाई. म्हणला तर त्या घराचा मान कायमचा गेला. असले नेम ज्यानं काढले त्याला दुसरा उद्योग नसणार.

बरं, हाळी द्यायची कुणी? पाटलानं? छ्या! पाटलाचा घसा नाजूक. हाळी म्हारवाड्यानं द्यायची, पिढ्यानपिढ्या. वरल्या आळीची हाळी आनंदाच्या घराण्याकडं, खालल्या आळीची त्याच्या चुलत्याकडं. मंग आमी बौद्ध झालो. मेलेलं ढोर वढणं सोडलं, दवंडी सोडली, दारात हुबं ऱ्हाऊन भाकर मागणं सोडलं. चुलत्यानं हाळी बी सोडली, तवा खालल्या आळीनं आपल्यातलाच एक पोऱ्या बांधावर हुबा केला. आनंदानं मात्र हाळी सोडली न्हाई. मी म्हणायची, "आवो, लाज वाटत न्हाई व्हय?" तर म्हणायचा, "आगं, ते काम व्हतं. ह्यो खेळ हाय. माझ्या आवाजानं पाटील हुबा ऱ्हातो, हाय का कुणाच्या बापात धमक?" घ्या! वरीसभर आमी पाटलाच्या वावरात वाकून कंबरडं मोडायचं, आन् ह्याला वाटायचं की पाटलाला ह्यानं हुबा केलाय.

पाटील म्हंजे हैबतराव. लई वरसं त्योच वीर. आन् लई वरसं आनंदाच्या तोंडात एकच नाव. "भले रं हैबतराव! वाघा हैबतराव!" ताप आला की झोपंत सुदिक हैबतराव. माझं नाव त्यानं झोपंत कंदी घेतलं न्हाई.

आता खरी गोष्ट. आमची पोरगी चंद्रकला. दिसाय-सवराय चांगली, सातवी झालेली, कामाला वाघीण. तिला दोन ठिकाणं सांगून आली आन् दोन्ही मोडली. कारण काय? "बाप पाटलाची हाळी देतोय." आपल्या समाजाची माणसं तोंडावर काय बोलायची न्हाईत, चा पिऊन जायची आन् निरोप धाडायची. पोरगी भांडी घासायला बसली की इतकी घासायची, इतकी घासायची की मला कळायचं.

तिसरं ठिकाण आलं घोटावड्याचं. पोरगा एसटीत कंडक्टर. हसरा, कमी बोलणारा. चंद्रानं त्याला पौडाच्या गाडीत आदीच बघितला व्हता, ते मला मागनं कळलं. सुट्टे पैसे न्हाईत म्हणून त्यानं हिला कंदी उतरवलं न्हाई म्हणं. पोरगा सोन्यासारखा, पर त्याचा बाप वाल्मीक! देवा! खडकीला कारखान्यात कामाला, आन् सुट्टीच्या दिशी पुढारी. पांढरा लेंगा, खिशाला पेन, आन् एका वाक्यात तीनदा "समाज". चा मागायचा तरी "समाजाच्या दृष्टीनं चा बरा" असं म्हणंल असा माणूस. मोठा पुढारी पौडाला आला की ह्यो पयल्या वळीत, आन् त्यानं बोलायच्या आदीच ह्याच्या टाळ्या. मी मनात म्हणले, आगं बया, ह्यो बी हाळ्याच की! फकस्त ह्याचा पाटील येगळा.

पर गरज आमाला व्हती. वाल्मीकानं समोर बसून सांगितलं, "गोजराबाई, पोरगी पसंत. पण ज्या घरचा माणूस अजून पाटलाची हाळी देतो, त्या घरी सोयरीक केली तर समाजाला मी काय तोंड दाखवू? यंदा धुळवडीला मी स्वतः येतो. आनंदाभाऊ घरात बसलेले दिसले, सुपारी फोडू. बांधावर दिसले, तर जय भीम, आम्ही आमच्या वाटेनं."

मी आनंदाकडं बघितलं. नंदीबैलावानी मान हालवली त्यानं.

मंग होळीच्या आदी हैबतराव वस्तीच्या कडंला आला. आत न्हाई आला, आमच्यात कसा येईल? कडंला हुबा ऱ्हाऊन म्हणला, "आनंदा, यंदा मी उतरत न्हाई. जयसिंग उतरणार हाय. पोरगं नवं हाय, तुझ्या हाळीबिगर त्याला बळ यायचं न्हाई." बास. येवढंच. ना बस म्हणला, ना कसा हायेस म्हणला. पर आनंदाची छाती अशी फुगली, मला वाटलं सदऱ्याची गुंडी तुटती.

मी रातभर डोकं फोडलं त्याच्याम्होरं. "आवो, पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय. दोनदा मोडलंय. तिसऱ्यांदा मोडलं तर तिला कुणी दारात हुबी करायचं न्हाई. तुमाला पाटलाचं पोरगं जवळचं का तुमची पोरगी?" तर म्हणला, "न्हाई जात. चंद्राची आण." आन् दुसऱ्या दिशी सांजच्याला म्हशीच्या गोठ्यामागं मला कायतरी ऐकू आलं. डोकावले तर ह्यो बाबा म्हशीम्होरं हुबा ऱ्हाऊन सराव करतुया! "भले रं जयसिंगा... वाघा जयसिंगा..." नाव काय घशात बसंना. मधीच थांबायचा, खाकरायचा, परत सुरू. म्हस रवंथ करत त्याच्याकडं बघत व्हती. तिला बी कळलं आसंल की हे येडं हाय. मी म्हणले, "हे काय चाललंय?" तर म्हणला, "घसा मोकळा करतुया." कुत्र्याचं शेपूट नळकांड्यात घातलं तरी वाकडंच.

धुळवड आली. वाल्मीक सकाळच्या गाडीनं आला, संगं पोरगा बी. मी मटण शिजत लावलं. आनंदाला ओट्यावर वाल्मीकाच्या शेजारी बसवला आन् डोळ्यानं सांगितलं, हाललात तर याद राखा. खालनं खाचरातनं हलगी सुरू झाली. आनंदाचा पाय हालाय लागला. मी पळी घिऊन दारात आले, तर पाय थांबला. मी आत गेले, की परत हालाय लागला. मंग त्यो उठला आन् वाल्मीकाला म्हणला, "जरा परसाकडं जाऊन येतो." हातात टमरेल घेतलं आन् गेला. आता परसाकडं जाणाऱ्या माणसाला कोण अडिवणार? वाल्मीकानं सुदिक मान हालवली.

आमच्या ओट्यावरनं खाचर समोर दिसतं. थोड्या येळानं वाल्मीक म्हणला, "गोजराबाई, तो बांधावर कोण?"

कोण असणार! हातात टमरेल घिऊन आमचे मालक वरल्या आळीच्या बांधावर हुबे. टमरेल ठिवायची बी शुद्ध न्हाई. हात वर केला की उन्हात टमरेल चमकतंय. आन् आवाज काय! "भले रं जयसिंगा! चढ रं!" नरड्यात काय ढोल बसिवला व्हता का काय देवाला ठावं. वाल्मीकानं खिशातलं पेन काढून परत खिशात ठिवलं. पोरगा खाली मान घालून बसला. आत चंद्राच्या हातनं ताटली पडली. मला वाटलं, पळत जावं आन् त्या टमरेलानंच त्याचं टाळकं फोडावं.

वाल्मीक चपला घालाय लागला. आन् तेवढ्यात खाली भलतंच झालं.

खालल्या आळीचा वीर कुशाबा. ताजा गडी, सुपारीसारखा टणक. त्यानं जयसिंगाला पार कडंला रेटत नेला. जयसिंग मागं मागं, ढालकरी धडपडला, भगताचा अंगारा संपला. आनंदाचा जीव टांगणीला लागला. नाचाय लागला बांधावर. आन् त्या घाईत, त्या येड्या घशानं आपलं जुनं नावच वर काढलं. "उठ रं वाघा! हैबतराव! भले रं हैबतराव!"

हलगी थांबली.

नाव फिरलं व्हतं. जयसिंगानं तलवार सोडली, नेमच तसा. आन् वळीत मुंडासं बांधून, मिशीला तूप लावून, पोट पुढं काढून निवांत बसलेला हैबतराव उठला. न उठून सांगतो कुणाला? उठला आन् तलवार उचलली. कुशाबा बिचारा गोंधळला. ह्या वयाला आलेल्या पाटलाच्या छातीला चिंधी कशी लावायची? त्यो नुसता गोल गोल फिराय लागला, आन् पाटील त्याच्या मागनं. धोतराचा सोगा सुटतुया, एका हातानं सोगा धर, दुसऱ्या हातानं तलवार. त्वांड लाल झालं, धाप लागली.

तवा एकच व्हायला पायजे व्हतं. आनंदानं गप बसायचं. हाळी तुटली की पाटील खाली बसणार, हरला तर हरला, पर अब्रू ऱ्हाईल. पर आनंदा कसला गप बसतुया! आपल्या वीराची हाळी मधीच तोडायची, म्हंजे त्याच्या लेखी बेइमानी. त्यो जीव तोडून ओरडाय लागला. पाटलानं डोळे वटारले, ह्याला वाटलं जोर मागतुया. पाटलानं हात खाली-खाली केला, ह्याला वाटलं अजून चढव म्हणतुया. तोंडानं गप म्हणायची पाटलाला सोय न्हाई. ह्यो ओरडतुया, "आजून हाय दम हैबतरावात! पळीव त्याला!" आन् पाटील पळतुया. खालली आळी पोट धरून हसाय लागली. मंग वरली आळी बी हसाय लागली, त्वांड फिरवून. आमची वस्ती तर ओट्यावर लोळत व्हती. शेवटी पाटील बांधाला ठेचकाळला आन् कुशाबाच्या तलवारीवर जाऊन पडला. छातीवर राखंचा ह्यो येवढा ठप्पा. मुंडासं सुटून धुळीत. हाळी तवर चालूच!

वाल्मीकाच्या एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. त्यो तसाच हुबा. आन् मंग टाळ्या पिटाय लागला. "अरे काय डोकं! गोजराबाई, काय डोकं म्हणायचं! पाटलाचं हत्यार पाटलावर उलटवलं! ज्यानं जन्मभर नाचवलं त्याला भर खाचरात नाचवला!"

आन् खरं सांगते, मला बी तसंच वाटलं. मी हसत व्हते आन् रडत व्हते. म्हणलं, इतकी वरसं मी ह्याला येडा म्हणत आले, आन् ह्यानं मनात केवढा डाव धरला व्हता! वस्तीतली पोरं पळत गेली आन् आनंदाला खांद्यावर घिऊन आली. टमरेल हातातच. डोळ्यांतनं पाणी वाहतंय. लोक म्हणले, आनंदाचे आसू. वाल्मीकानं मिठी मारली, सुपारी फुटली, चंद्राच्या हातात नारळ पडला. मी आनंदाला जेवायला वाढलं, नळीची हाडं समदी त्याच्या ताटात टाकली. लगीन झाल्यापासनं त्याला वाढताना माझा हात एवढा सैल कंदी सुटला न्हवता.

त्यानं एक घास खाल्ला न्हाई.

पाव्हणे गेले, तवा मी म्हणले, "काय वो, आता तरी सांगा, कवापासनं मनात व्हतं?"

तर हुंदका देऊन म्हणला, "गोजरा, माझ्या हातनं पाटलाचं नाक कापलं गं! जीभ चुकली. जयसिंग म्हणायचं, हैबतराव निघालं. मी त्याला जितवायला ओरडत व्हतो गं, शप्पत!"

मी ताट उचललं आन् हाडं कुत्र्याला घातली. मुडदा बशिवला त्या हाळीचा! मर्दुमकी म्हणून मी जिला ववाळत व्हते, ती चुकलेली जीभ निघाली. ह्या माणसाला पाटलाचा सूड सुदिक चुकून घेता आला, मुद्दाम न्हाई. त्यापरीस मला कुणी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिशी त्यो पाटलाच्या वाड्यावर गेला, पाय धरायला. पाटील भाईर आला न्हाई. जयसिंग आला आन् म्हणला, "बा म्हणतोय, म्होरल्या साली भावकीतला हाळ्या लावणार हाय. तू आता हिकडं येऊ नगंस." आन् दार लावलं. येवढी वरसं घसा फाडला, त्याचं बक्षीस ते. आनंदा परत आला आन् गोठ्यात म्हशीपशी बसून ऱ्हायला.

मी त्याला एकच सांगितलं. "जे झालं ते झालं. मुद्दाम केलं का चुकून, हे आता कुणाला कळता कामा नये. वाल्मीकाला कळलं तर पोरीचं लगीन मोडंल. त्वांड शिवा." त्यानं म्हशीम्होरं वैरण टाकली.

पर वाल्मीक कसला गप बसतुया! त्याला आयता वीर घावला व्हता. गावोगाव सांगत सुटला. "आमचे व्याही, क्रांतिकारक!" सांगताना दर येळी पाटील आजून थोडा ज्यादा पळायचा, आन् हा डाव आपणच आनंदाभाऊंना सुचिवला, असं बी मधनंमधनं घालायचा. मंग चौदा एप्रिलला पौडाला जयंती, एसटी स्टँडाच्या बाजूला मांडव, आन् तितं आनंदाचा सत्कार ठरला. लगीन वैशाखात. मी आनंदाला धुतलेला सदरा घातला आन् बजावलं, "हार घ्यायचा, जय भीम म्हणायचं आन् खाली उतरायचं. चंद्राकडं बघा आन् मंग त्वांड उघडा."

मांडव माणसांनी फुललेला. मी बायकांत, म्होरंच बसलेली. चंद्रा माझ्या शेजारी नवं लुगडं नेसून. वाल्मीकानं भाषाण ठोकलं. समाज, समाज, समाज. मंग आनंदाच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आन् भोंगा त्याच्या तोंडाम्होरं धरला.

आनंदानं चंद्राकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मला कळलं, ह्यो बोलणार.

"जय भीम," म्हणला. थांबला. मंग म्हणला, "मी मुद्दाम न्हाई केलं."

माणसं हसली.

"खरं सांगतुया. माझी जीभ चुकली. मला पाटलाला जितवायचं व्हतं."

आजून हसली. कुणीतरी म्हणलं, "काय इनोदी माणूस हाय रं!" वाल्मीक हसत हसत मांडी थोपटाय लागला.

"आवो, मी हाळी बंद केली न्हाई ती म्हाताऱ्याचा मान ऱ्हावा म्हणून. मी लई रडलो. ह्यो हार माझा न्हाई..."

आन् टाळ्या. "आनंदाभाऊंचा विजय असो!" पोरं हुबी ऱ्हाऊन ओरडाय लागली. आनंदा बोलत व्हता, व्हट हालत व्हते, पर आवाज काय येत न्हवता. ज्याच्या आवाजानं दोन आळ्या हादरायच्या, त्याचा शबूद त्या गोंगाटात बुडाला. त्यो वाकून वाकून लोकांना हातानं गप बसा म्हणत व्हता, आन् लोकांना वाटत व्हतं, आजून ओरडा म्हणतुया.

मला काय झालं, मला ठावं न्हाई. पोरीचं लगीन माझ्या म्होरं बसलं व्हतं, नवं लुगडं नेसून. मी गप बसले असते तर समदं बिनघोर व्हतं. पर मला त्या माणसाची अशी दया आली, अशी दया आली, की मी ताडकन उठले. "ए मुडद्यांनो! ऐका की रं! त्यो खरं सांगतुया! आनंदा, बोला तुमी! बोला!"

माझा आवाज बाकीच्या कुणाला ऐकू गेला न्हाई. वाल्मीकाला गेला. त्यो म्होरंच हुबा व्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मंग आनंदाकडं बघितलं, आन् त्याच्या टाळ्या थांबल्या. त्याला समदं कळलं. मी चंद्राचा हात धरला. म्हणलं, मोडलं, तिसऱ्यांदा बी मोडलं, आन् ह्या टायमाला माझ्या तोंडानं मोडलं.

वाल्मीकानं मांडवाकडं बघितलं. येवढी माणसं, येवढा दंगा, समदा त्यानंच उभा केलेला. मंग त्यानं हात वर केले आन् परत टाळ्या वाजवाय लागला, पयल्यापरीस मोठ्यानं. "विजय असो!" सगळ्यांच्या वर त्याचा आवाज. थू असल्या माणसाच्या! आमचा येडा चुकून खोटा ठरला व्हता, ह्यो बाबा जाणून.

मांडव पांगला तवा वाल्मीक आमच्यापशी आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणला, "विहीणबाई, लग्न ठरल्याप्रमाणंच व्हईल. आमचं पोरगं ऐकायचं न्हाई दुसरं काय. पण भाऊ, परत असं बोलायचं नाही. रविवारी घोटावड्यात सत्कार ठेवलाय, मोठी माणसं येणार हायेत. मी सांगतो तसं बोला. माझं नाव बी घ्या जरा, मी डाव सुचिवला म्हणून."

मी आनंदाकडं बघितलं. मला वाटलं, आता ह्याची मान हालणार. हालाय पायजे व्हती, सवयच ती.

आनंदानं गळ्यातला हार काढला, घडी घातल्यावानी गोळा केला आन् वाल्मीकाच्या हातात दिला.

"पावणं," म्हणला, "पोरगी देतुया. घसा न्हाई."

आन् एसटीच्या गाडीकडं चालाय लागला. चंद्रा त्याच्या मागनं, आन् मी तिच्या मागनं.